मामाची मांडी

शाळा सुटायला अजून बराच वेळ होता आणि वैजू गिरणीच्या दारात उभी होती. पाठीला दप्तर, हातात वेणीच्या लाल रिबिनी आणि केस मोकळे. मी गव्हाचं दळण टाकत होते. पट्ट्याच्या खडखडाटात तिचं बोलणं ऐकू येईना, म्हणून मोटार बंद करून बाहेर आले.

“बाईंनी घरी पाठवलं,” ती म्हणाली. “डोकं साफ झाल्याशिवाय शाळेत यायचं नाही म्हणाल्या.”

“काय झालंय डोक्याला?”

“उवा झाल्यात. बाईंनी सगळ्यांसमोर रिबिनी सोडल्या आणि पेन्सिलीनं केस उचलून बघितले. मग पोरी माझ्या बाकावरून उठून गेल्या.”

ती रडत नव्हती. आज नळाला पाणी आलं नाही, असं सांगावं तसं सांगत होती. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. चौथीतल्या पोरीचं डोकं वर्गासमोर उघडं करून दाखवणारी ही कसली बाई, असं पुटपुटत मी तिला ओट्यावर उन्हात बसवलं, पुढ्यात जुना पेपर अंथरला आणि बारीक दातांची फणी एकदा फिरवली. पेपरवर जे पडलं ते बघून माझं पुटपुटणं थांबलं. बाई वागल्या वाईट, पण बोलल्या होत्या खरं.

आता कुणी विचारेल, आईला इतके दिवस कळलं कसं नाही? तर गिरणीवाल्याच्या घरात डोकं खाजणं ही काही बातमी नसते. आमचं घर म्हणजे गिरणीच्या मागच्या दोन खोल्या. दिवसभर पीठ उडायचं ते भांड्यांवर, अंथरुणावर, माणसांच्या भुवयांवर बसायचं. शेजारी मिरचीचं कांडप. त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस बारा महिने खाजवत असायचं, आणि केसांत पांढरे कण दिसले तर ते पीठ असणार हे आम्ही धरूनच चालायचो. वैजूच्या कानामागे मला कितीदा तरी पांढरं दिसलं होतं. मी फुंकर मारायची आणि पुढच्या कामाला लागायची. पीठ फुंकरीने उडतं. लीख उडत नाही, केसाला धरून बसते, हे त्या दिवशी नखाने एकेक ओढताना कळलं.

वैजूचे केस कमरेच्या खाली आले होते. रंगाने ती माझ्यावर गेलेली, अंगाने काडी, समोरचे दात थोडे पुढे. आल्यागेल्याने तिला कधी चांगली म्हटलं नाही. पण केस असे की रस्त्यातली बाई थांबून हात लावून बघायची. “पोर काळी आहे, पण केस बघा,” असं म्हणायची, आणि वैजूला त्यातलं अर्धंच ऐकू यायचं. न्हाण्याच्या दिवशी ती ओट्यावर केस सोडून बसायची आणि कुणी जाणारं-येणारं आहे का हे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची. देवाने त्या पोरीला मिरवायला एवढी एकच गोष्ट दिली होती.

मी फणी फिरवत असताना माझी नणंद, सोनावन्सं, भैरूला कडेवर घेऊन आल्या. भैरू माझा धाकटा. चार संपून पाचवं लागलेलं, कडेवर घ्यायचं वय कधीच गेलेलं, पण वन्संच्या कडेवर तो लग्नापर्यंत बसला असता. त्यांनी पेपरवर नजर टाकली आणि दोन पावलं मागे गेल्या.

“लेकराच्या जवळ नको गं आणू हिला,” म्हणाल्या. “शाळंतनं घेऊन आली बघ घाण.”

वन्संची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्यांना मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली आणि त्या माझ्या लग्नाच्या आधीपासून भावाच्या घरी होत्या. वैजू झाली तेव्हा त्यांनी डोंगरावरच्या भैरोबाला नवस बोलला. भावाला मुलगा होऊ दे, त्याचं जावळ तुझ्या पायरीवर काढीन, तोवर केसाला कात्री लावणार नाही की फणी लावणार नाही. मुलगा झाला. नवस त्यांचा, बाळंतीण मी आणि केस देवाचे, अशी वाटणी झाली. भैरूचे केस खांद्याच्या खाली लोंबू लागले. वन्सं ते नुसत्या बोटांनी मोकळे करायच्या आणि सैल वेणी घालायच्या. फणीने केस तुटला तर नवस मोडेल, म्हणून. दळणाला येणारी नवी गिऱ्हाइकं विचारायची, धाकटी कितवीत आहे म्हणून.

आणि जावळ अडलं होतं ते मामावर. आमच्याकडे जावळ काढताना मुलाला मामाच्या मांडीवर बसवतात. मामा म्हणजे माझा थोरला भाऊ, आप्पा. भैरू सहा महिन्यांचा असताना आमच्याकडे एक लग्न निघालं. त्या लग्नात आप्पाला दुसऱ्या पंगतीला बसवलं. मुद्दाम नाही, गर्दी होती म्हणून. पण आप्पा त्यांच्या गावच्या दूध सोसायटीचा चेअरमन. तो ताट पुढ्यात आल्यावर उठला आणि न जेवता निघून गेला. आता ते येऊन मानाने बोलावतील तेव्हाच त्या उंबऱ्याला पाय लावीन, असं एसटीत बसताना सांगून गेला. माझा नवरा आनंदा म्हणाला, भरल्या ताटावरून उठून त्याने आमचा अपमान केलाय, त्याने आधी यावं. एकाची पंगत, दुसऱ्याचं ताट, आणि दोघांच्या मध्ये माझ्या पोराच्या डोक्यावर रान वाढत होतं.

तर आम्ही वैजूच्या डोक्याच्या मागे लागलो. खोबरेल तेलात कापूर घालून चोळला. कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातलं. औषधाच्या दुकानातून आणलेली बाटली संपवली. सीताफळाच्या बियांची पूड लावली ती डोळ्यात गेली, तर पोर दोन दिवस डोळे उघडेना. वन्सं म्हणाल्या रॉकेल लाव, तेही लावलं. डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून बसली होती बिचारी, कातडी भाजत होती तरी हूं की चूं केलं नाही, कारण मी तिला सांगितलं होतं की हे केलं की सोमवारी शाळेत जायचं. डोकं साफ व्हायचं. मी बाईंना दाखवायला घेऊन जायची, त्या वर्गात घेऊन शेवटच्या बाकावर बसवायच्या, आणि पुढचा आठवडा संपायच्या आत पोर पुन्हा रिबिनी हातात घेऊन दारात उभी. तिसऱ्या वेळी बाई मला म्हणाल्या, “घरी स्वच्छता ठेवत जा हो.” मी, जी दिवसातून चार वेळा जमीन पुसते आणि तरी पिठात पाय उमटतात, मी ते ऐकून घेतलं.

घरातही तेच. वन्संनी वैजूचं ताट वेगळं केलं. तिने भैरूला उचललं की ओरडायच्या. तशी ती दोन्ही पोरं वन्संच्याच वाकळेवर झोपायची, वैजू एका कुशीला आणि भैरू दुसऱ्या. आता वैजूला माझ्याकडे पाठवलं, पण पहाटे थंडी वाजली की भैरूच उठून ताईच्या पांघरुणात शिरायचा, त्याला कोण अडवणार?

एका शनिवारी वन्सं बाजाराला गेल्या होत्या. भैरू दारात बसून दोन्ही हातांनी डोकं ओरबाडत होता. मी त्याला उन्हात ओढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची वेणी सोडून केस बाजूला केले. फणी लावायची गरजच नव्हती. नुसतं बघितलं तरी दिसत होतं. मानेपासून टाळूपर्यंत सगळं चालत होतं, आणि केसाकेसाला लिखा अशा की माळ ओवल्यासारख्या. वैजूच्या डोक्यातून मी महिनाभर जे काढत होते ते सगळं इथून येत होतं.

वैजू शेजारी उभी राहून बघत होती. “तुला माहीत नव्हतं?” तिने विचारलं.

“तुला माहीत होतं?”

“कधीचंच. आत्या म्हणाली, कुणाला सांगायचं नाही. देवाच्या केसांना नाव ठेवलं की पाप लागतं आणि भाऊ आजारी पडतो.”

म्हणजे रॉकेलची पिशवी डोक्याला बांधून बसताना त्या पोरीला ठाऊक होतं की या उवा कुठून येतात. शाळेत शेवटच्या बाकावर बसताना ठाऊक होतं. आणि भाऊ आजारी पडू नये म्हणून ती गप्प होती. नऊ वर्षांच्या पोरीवर हे ओझं घालणाऱ्या बाईला काय म्हणावं, मला अजूनही शब्द सापडलेला नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी विषय काढला. भैरूचं डोकं आधी साफ करायला पाहिजे, म्हटलं, नाहीतर वैजूवर केलेलं सगळं वाया आहे. वन्संचा घास हातात राहिला. आधी म्हणाल्या ते पीठ आहे. मी म्हटलं मी डोळ्यांनी बघितलंय. मग म्हणाल्या, असतील तर त्या वैजूच्याच, तिच्याकडून गेलेल्या. मग म्हणाल्या, कुणाच्याही असू देत, नवसाच्या केसातला जीव मारायचा नसतो. एका दमात तीन जबाब दिले बाईने आणि तिन्हींचा एकमेकांशी मेळ नाही.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो भाकरी कुस्करत होता.

“देवाच्या कामात मी पडणार न्हाई,” तो म्हणाला.

“मग जावळ काढून टाका. डोंगर काय लांब आहे?”

“मामा नको का?”

“मग बोलवा मामाला.”

“मी जाणार न्हाई त्याच्या दारात.” आणि पाणी पिऊन, अगदी सहज म्हणाला, “हे बघ, एवढी कटकट कशाला? पोरीचा गोटा करून टाकू. मिटलं.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. वैजू कोपऱ्यात तिच्या वेगळ्या ताटात जेवत होती. तिने हळूच वेणी पाठीवरून पुढे घेतली आणि मांडीखाली दाबून ठेवली. ते फक्त मी बघितलं. मी म्हटलं, उद्या सकाळच्या गाडीने मी माहेरी जाते, आप्पाला बरोबर घेऊन येते. मी येईपर्यंत पोरीच्या डोक्याला कुणी हात लावायचा नाही. नवरा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. मी ते हो धरलं.

आप्पा पडवीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. मी एकटीच आलेली बघून त्याने आधी माझ्यामागे रस्त्याकडे बघितलं, कुणी आहे का म्हणून. वहिनींनी पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. शाळा, रॉकेल, डोळ्यात गेलेली पूड, भैरूच्या डोक्यातलं, सगळं. त्याचे पाय धरले. मला पाठीवर घेऊन ओढ्यातून शाळेत नेणारा भाऊ होता तो, वैजूच्या बारशाला याच माणसाने गावभर पेढे वाटले होते. मला खात्री होती की तो खुंटीवरची टोपी काढणार आणि चल म्हणणार.

त्याने पेपरची घडी घातली.

“आमंत्रण न्हाई, नारळ न्हाई, आन मी आपल्या पायानं त्यांच्या दारात यिऊ?”

“मी आलेय ना, आप्पा. मी बोलावतेय.”

“तू माझी भन हाईस. तुझं बोलावणं धरत न्हाईत. आनंदाला यिऊ दे.”

“पोरीचा गोटा करतील रे.”

“करू देत की,” आप्पा म्हणाला, आणि वाईट मनाने नाही हो, अगदी समजूत घालावी तसं म्हणाला. “पोरीचं केस काय, परत येत्यात. माणसाची इज्जत गेली की परत येती का?”

मी उठले. वहिनींनी जेवून जा म्हणून हात धरला, मी थांबले नाही. त्या स्टँडपर्यंत आल्या आणि पिशवीत शेंगा घालून परत गेल्या. एसटीत मला रडू आलं नाही. रडू यायला आधी थोडं शांत व्हावं लागतं. डोक्यात एकच हिशेब चालला होता की माझा नवरा, माझा भाऊ आणि डोंगरावरचा देव, या तिघांचाही मान राखायचा तर त्यासाठी कुणाचं डोकं भादरायचं हे त्या तिघांनी किती लवकर ठरवलं. आणि मी भाऊ, नवरा, नणंद एवढी माणसं असलेली बाई, माझं बोलावणं कुठेच धरत नव्हते.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळतीला आला होता. गिरणी जोरात चालू होती, दळणाला डबे रांगेत लागले होते. ओट्यावर कुणी नव्हतं. मागच्या खोलीत गेले तर पिठाच्या मोठ्या डब्यामागे वैजू बसलेली. डोक्यावर वन्संचा टॉवेल. मी तो काढला.

सगळं गेलं होतं. डोकं पांढरंफटक, त्यावर रॉकेलने भाजल्याचे लाल चट्टे, वस्तऱ्याचे दोन ओरखडे, आणि कान एकदम मोठे दिसत होते. ती माझ्याकडे बघेना.

“आई, आता मला शाळेत घेतील ना?” तिने विचारलं.

मी तशीच गिरणीत गेले. नवऱ्याने माझा चेहरा बघितला आणि गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको म्हणून मला बाजूला घेतलं. न्हावी सकाळीच येऊन गेला, म्हणाला. तुझी गाडी सुटली आणि तो आला.

“मी येईपर्यंत थांबा म्हटलं होतं.”

“तू असतीस तर करू दिलं नसतंस,” तो म्हणाला. “म्हणून म्हटलं तू यायच्या आत उरकावं.”

असा प्रामाणिक माणूस. त्याला वाटलं हे कारण ऐकून मी समजून घेईन. केस कुठे आहेत विचारलं तर म्हणाला बंबात घातले, त्यात किडेच होते. भावाचे केस देवाच्या पायरीवर जाणार होते. बहिणीचे अंघोळीच्या पाण्याखाली जळले.

पोत्यांची शिवण उसवायची मोठी कात्री गिरणीत खिळ्याला असायची. ती मी घेतली. कशासाठी ते मला तोपर्यंत नीट ठाऊक नव्हतं. मागे आले तर भैरू झोपेला आला होता आणि नेहमीसारखा ताईच्या मांडीवर डोकं ठेवायला बघत होता. वैजू त्याला दोन्ही हातांनी मागे ढकलत होती.

“लांब बस,” ती त्याला म्हणत होती. “लांब बस रे. मला परत येतील. आता कापायला पण काही नाही.”

तेव्हा माझं ठरलं.

मी जमिनीवर पिठाच्या डब्यावरचं धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं. वैजूला म्हटलं, मांडी घालून बस. भैरूला उचलून तिच्या मांडीत बसवलं. मग देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा आणला, आधी वैजूला लावलं, मग त्याला, जसं मामाला आणि भाच्याला लावतात तसं. त्या चकोट डोक्याखाली कुंकू फार मोठं दिसत होतं. घट्ट धर त्याला, म्हटलं, हलू देऊ नको. आणि कात्री घातली.

वेणी फडक्यावर पडली आणि वन्सं दारात आल्या. हातातली समई त्यांनी तशीच खाली ठेवली आणि माझं मनगट पकडलं. त्या आनंदाला हाका मारत होत्या, पण मोटार चालू होती, त्याला काही ऐकू जात नव्हतं.

“मालन, पाप लागंल गं,” त्या म्हणाल्या. “नवस माझा हाय. माझ्या लेकराला लागंल.”

“कापते मी. मला लागू दे.”

“मामाची मांडी लागती. मामा कुठाय?”

“मामाला विचारून आले. मामाला वेळ नाही. गावात दुसरं कुणी रिकामं नव्हतं, ही एकटीच होती.”

त्यांचा हात सुटेना. ती बाई खरंच भ्यालेली होती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि तरी मला दया आली नाही. मी दुसऱ्या हाताने पडलेली वेणी उचलली आणि पांढऱ्या फडक्यावर झटकली.

“तुम्ही म्हणालात ना पीठ आहे? बघा, वन्सं. पीठ चालतंय.”

त्यांनी बघितलं. फडक्यावर काळे ठिपके चहूकडे पळत होते. एक जण वैजूच्या गुडघ्याकडे निघाला होता आणि वैजू भावाला सोडायचं नाही म्हणून हलत नव्हती, नुसती त्या ठिपक्याकडे बघत होती. वन्सं बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग त्यांचा मोकळा हात आपोआप त्यांच्याच अंबाड्याकडे गेला, आणि माझं मनगट सुटलं. त्या खाली बसल्या, पदर पसरला आणि मी जे कापेन ते न बोलता पदरात घेऊ लागल्या. देवाचं देवाला पोचवायचं होतं त्यांना. त्याला माझी ना नव्हती.

भैरू एकदाही रडला नाही. ताईच्या डोक्यावरून हात फिरवून बघत होता आणि हसत होता.

मोटार बंद झाली तेव्हा माझं काम संपलं होतं. नवरा दारात आला. भुवयांपर्यंत पीठ. त्याने पोराकडे बघितलं, बहिणीच्या पदराकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं. मला वाटलं आता हात उगारणार. मी उठून उभी राहिले. तर तो म्हणाला, “आता त्याच्या मामाला काय सांगायचं?” चार वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही त्याची या माणसाला पहिली काळजी.

वैजू शाळेत गेली. पोरी हसल्या असणार, ती सांगत नव्हती, पण बाईंनी तिला पहिल्या बाकावर बसवलं आणि तिला पुन्हा कधी घरी पाठवलं नाही. उवा गेल्या त्या गेल्या. काही दिवसांनी वन्सं फणी घेऊन आल्या आणि माझ्याकडे पाठ करून पुढ्यात बसल्या. मी त्यांचं डोकं साफ केलं. एक शब्दही बोलले नाही, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

बातमी माहेरी पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या रविवारी आप्पा दारात हजर. बोलावणं नाही, नारळ नाही, आपल्या पायाने आला. पोरीच्या केसांसाठी जे पाय उचलले नव्हते ते रागाने बरोबर उचलले. माझ्या नवऱ्याने त्याला या म्हटलं, खाटेवर बसवलं, स्वतः शेजारी बसला. मला चहा टाकायला सांगितलं. आत चहा उकळत होता आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. आप्पा म्हणत होता, बाईमाणसानं असं करावं का? माझा नवरा म्हणत होता, मी तेच म्हणतोय. आप्पा म्हणत होता, लहानपणापासनं हट्टी हाय ती. माझा नवरा म्हणत होता, तुम्हाला म्हणून सांगतो आप्पा, फार. पंगत कुठे गेली आणि ताट कुठे गेलं देव जाणे. चार वर्षं जे जुळलं नाही ते माझ्या चुकीवर एका खाटेवर जुळलं, आणि मी त्यांना चहा नेऊन दिला.

आप्पाने बशीत चहा ओतला.

“माझा मान हुता त्यो,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “कुणाच्या मांडीवर बसवलं पोराला?”

नवरा जमिनीकडे बघू लागला. वन्सं दारात धान्य निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं. मी तोंड उघडणार एवढ्यात वैजू बाहेरून खेळून आली. मामाला बघितल्यावर दारातच थांबली आणि मग पुढे येऊन वाकून नमस्कार केला. तिला तेच शिकवलं होतं.

आप्पाची नजर तिच्या डोक्यावर गेली. त्याने बशी खाली ठेवली.

“आगं, ह्ये काय?” तो म्हणाला. “तुझ्या केसाला काय झालं?”

त्याला खरंच आठवत नव्हतं. आठवडाभरापूर्वी मी त्याचे पाय धरून काय मागत होते ते तो विसरून गेला होता. एवढंसं काम होतं ते.

“कापले, मामा,” वैजू म्हणाली. “तुम्ही आला नाहीत ना, म्हणून.”

आप्पाच्या बशीतला चहा निवून गेला, त्यावर साय धरली. मी तो गरम करून आणायला उठले नाही.